बंद काचांच्या गाडीत सुगंध कशासाठी?

घाटवळण (धागाकर्ता)

मुंबई-पुणे शेअर टॅक्सी, एसी बस, ऑफिसची पिक-अप गाडी. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय, आणि डॅशबोर्डवर जेलची डबी नाहीतर आरशाला टांगलेली लाकडी बुचाची बाटली. जोडीला कधी एसीच्या जाळीत खोचलेली क्लिप. एका गाडीत तर तिन्ही एकदम होती: लिंबू, लॅव्हेंडर आणि 'ओशन'. समुद्राला असा वास येत नाही हे कोकणातल्या माणसाला कोणी सांगायला नको. कळंबोली सोडेपर्यंत डोकं जड होतं, खालापूर टोलनाक्यापर्यंत तोंडाला पाणी सुटतं (भुकेचं नव्हे) आणि बोरघाट लागला की कॅरीबॅग शोधायची वेळ येते. ड्रायव्हरला सांगावं तर तो अगदी मनापासून म्हणतो, "कसला वास? मला तर काहीच येत नाही."

त्याचं खोटं नसतं. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळात नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळे जो सुगंध लावतो त्यालाच त्याचा अंदाज राहत नाही. संपत आला असं समजून तो डबीचं झाकण आणखी थोडं फिरवतो.

माझं म्हणणं असं. जिथे पाचजण एकाच हवेवर आहेत आणि कोणालाही उठून बाहेर जाता येत नाही, तिथे एकाने आपल्या पसंतीचा वास बाकीच्यांच्या नाकात कोंबू नये. सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढायची नाही हे आपण २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मान्य केलं आहे. सुगंधाच्या बाबतीत मात्र 'चांगलाच वास आहे की' एवढ्यावर विषय संपतो.

शिवाय या डब्या वास घालवत नाहीत. एसीच्या कूलिंग कॉइलवर पाणी साचतं, त्यावर धूळ बसते, मग बुरशी धरते. एसी सुरू केल्या केल्या जो कुबट, ओल्या पायपुसण्याचा भपकारा येतो तो तिथला. त्यावर लॅव्हेंडर सोडलं की लॅव्हेंडर अधिक पायपुसणं असा तिसराच प्रकार तयार होतो.

निदान शेअर गाड्या आणि एसी बस यांत सुगंधाला बंदी असावी का? मतं येऊ द्या.

तिरकस_तात्या

जरूर असावी. त्याबरोबर मे महिन्यात दुपारी तीन वाजता चढणाऱ्या प्रवाशांनी आंघोळ करून यावं, बसमध्ये बूट काढू नयेत, लोणावळ्याच्या थांब्यावरून कांदाभजी आत आणू नयेत, आणि शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून घोरताना तोंड मिटून घोरावं, असेही चार नियम करून टाका.

राव, माणसांच्या गर्दीला वास असणारच. बारा माणसं दोन तास बंद डब्यात बसली की त्यांचा जो काही एकत्रित सुवास होतो, त्यापेक्षा मला नकली समुद्र परवडला. तुम्हाला मळमळतं याबद्दल सहानुभूती आहे. पण घाटात उलट्या होणारी माणसं एअर फ्रेशनर यायच्या आधीही होती. एसटीच्या खिडकीबाहेरच्या पत्र्यावरचे ओघळ कोणत्या लॅव्हेंडरचे होते? तेव्हा आई लिंबू हातात द्यायची आणि हुंगायला सांगायची. म्हणजे उपाय म्हणूनसुद्धा सुगंधच!

घाटवळण (धागाकर्ता)

तात्या, ते लिंबू माझ्या हातात असायचं. नको झालं की खिशात घालता यायचं. शेजारच्याला त्याचा पत्ताही नसे. आणि लाल डब्याची खिडकी उघडी असायची, हा फरक तुम्ही सोयीस्करपणे गाळलात.

चक्रधर

मी टूरिस्ट परमिटची गाडी चालवतो. पुणे-मुंबई, कधी शिर्डी, कधी नाशिक. इथे सगळे मागच्या सीटवर बसून लिहितायत, म्हटलं पुढच्या सीटवरून पण कोणीतरी बोलावं.

ॲपवर मला पाचपैकी तारे मिळतात ते कशावर? "गाडीला वास येत होता" असं एकाने लिहिलं तरी सरासरी खाली येते, आणि ती खाली आली की चांगली भाडी दुसऱ्याला जातात. "गाडीला कसलाच वास नव्हता" म्हणून आजवर कोणी पाच तारे दिलेले नाहीत. पण सुगंध असला की चढता चढता "वा, छान ठेवलीय गाडी" म्हणतात. मग मी काय करावं?

आता दिवस कसा जातो सांगतो. सकाळी विमानतळाचं भाडं, त्यात पोराने दूध ओकलं. आई बिचारी ओल्या टिश्शूने पुसते, पण दूध सीटच्या शिलाईत गेलेलं असतं. ते उन्हात आंबलं की काय होतं ते ज्याने सोसलंय त्यालाच कळतं. पुढचं भाडं वाकडवरून अर्ध्या तासात. सीट धुवायला टाकली तर अर्धा दिवस गाडी उभी, आणि हप्ता काही उभा राहत नाही. रात्री पार्टीवरून येणारे वेगळेच. काच खाली करतो म्हटलं तर मागून आवाज येतो, "भाऊ, एसीचे पैसे दिलेत."

म्हणून शंभर-सव्वाशेची डबी. मला हौस नाही. तुम्ही दोन तास बसता, मी त्याच हवेत बारा-बारा तास असतो.

सदाफुली

चक्रधरभाऊंना पूर्ण पाठिंबा. गंमत म्हणजे ही गाडीत टांगायची वस्तू ड्रायव्हरच्याच तक्रारीतून आली असं सांगतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनला ज्युलियस सॅमन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. सांडलेल्या दुधाच्या वासाने हैराण झालेल्या एका दूधगाडीवाल्याने त्यांना गाऱ्हाणं सांगितलं, आणि १९५२ साली पुठ्ठ्याचं ते सुप्रसिद्ध झाडाच्या आकाराचं फ्रेशनर आलं. सत्तर वर्षांनी दूधही तेच आणि ड्रायव्हरही तोच!

मला एक वेगळं विचारायचंय. सुगंध म्हणजे काहीतरी त्रास, घुसखोरी, असा सूर का लावायचा? आपल्याकडे लग्नात दारातच गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात, मनगटाला अत्तर लावतात. सकाळी रिक्षावाला पहिल्या भाड्याआधी उदबत्ती ओवाळतो, ती बोहनीची पूजा आहे. लेडीज डब्यात संध्याकाळी एकीच्या केसात मोगऱ्याचा गजरा असला की अख्ख्या डब्याचा शीण उतरतो. त्या गजऱ्यावरही तिकीट लावणार का तुम्ही?

घाटवळण (धागाकर्ता)

सदाफुलीताई, गजऱ्याचा वास मलाही आवडतो. पण गजरा रात्रीपर्यंत कोमेजतो, जेलची डबी महिनाभर चोवीस तास चालू असते. आणि रिक्षाला दारं नाहीत. प्रश्न सुगंधाचा नाही, झाकणाचा आहे, म्हणजे गाडीच्या.

वैद्यबुवा_छातीचे

छातीच्या आजारांवर काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या काही समजुतींना धक्का देतो.

'मला सुगंधाची ॲलर्जी आहे' असं सांगत येणाऱ्यांपैकी बहुतेकांना खऱ्या अर्थाने ॲलर्जी नसते. अत्तरातल्या घटकांची ॲलर्जी होते ती मुख्यतः कातडीला: मानेवर, काखेत पुरळ. श्वासनलिकेला होतो तो क्षोभ. दमेकऱ्याची नळी आधीच हुळहुळी असते, तिला कोणताही तीव्र वास, धूर, गार हवा चालत नाही, ती आखडते. वास ओळखणारा मज्जातंतू वेगळा आणि झोंबणं कळवणारा वेगळा. कापूर, मेंथॉल, निलगिरी यांच्या वासाबरोबर जे गार किंवा तिखट जाणवतं ते चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूचं काम. अर्धशिशीच्या रुग्णांत तर ॲटॅकच्या वेळी साधा साबणाचा वासही नकोसा होणं हे नेहमीचं लक्षण आहे. भारतात दम्याचे रुग्ण सव्वातीन कोटींहून जास्त आहेत असा अंदाज आहे. एसी बसमध्ये त्यातले एक-दोघं बसलेले असणारच. हे चोचले नाहीत.

आता दुसरी बाजू. वास आणि चव यांवर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात पामेला डाल्टन यांनी प्रयोग केले. वास तोच, पण काही जणांना तो अपायकारक आहे असं सांगितलं आणि काहींना आरोग्यदायी आहे असं. ज्यांना अपायकारक म्हणून सांगितलं होतं त्यांनी घसा खवखवणं, डोकं दुखणं अशा तक्रारी जास्त केल्या. म्हणजे अपेक्षेचाही वाटा असतो. 'रसायन' शब्द ऐकून कोणाचं डोकं दुखायला लागत असेल, तर दुखणं खरंच असतं, कारण मात्र बाटलीत असेलच असं नाही.

तात्यांसाठी: घाटातली मळमळ मुख्यतः डोळे आणि कानातला तोल यांच्या भांडणातून येते. पण कडेवर आलेल्या माणसाला उग्र वास पलीकडे ढकलतो. लॅव्हेंडर उलटी करवत नाही, ती लवकर आणतं.

तिरकस_तात्या

"कडेवर आलेल्या माणसाला" हे बोरघाटाच्या संदर्भात वाचून पोटात गोळा आला डॉक्टर.

रसायनी_रविवार

रसायनशास्त्र शिकवतो. डब्यांच्या आत काय असतं यावर कोणीच बोलेना म्हणून थोडं.

लिंबाच्या सुगंधी तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. लिमोनीन एकटं फारसं त्रासदायक नाही. पण हवेत ओझोन असला की त्याची क्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड (डोळ्यांना-घशाला झोंबणारा वायू) आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. गाडीत ओझोन कुठून येणार? बाहेरून थोडा येतोच, शिवाय हल्ली 'एअर प्युरिफायर' म्हणून सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायची आयोनायझरवाली उपकरणं मिळतात, त्यातली काही ओझोन सोडतात. म्हणजे हवा शुद्ध व्हावी म्हणून उपकरण, सुगंध यावा म्हणून लिंबाचं जेल, आणि दोघांनी मिळून फॉर्माल्डिहाइड. ग्राहकाने दोन्हींचे पैसे वेगवेगळे मोजलेले असतात.

डबीवर घटकांच्या जागी 'परफ्यूम' एवढंच लिहिलेलं असतं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर २६ सुगंधी घटकांची नावं ठरावीक प्रमाणापुढे छापावीच लागतात, असा नियम २००३ साली झाला. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ८० च्या वर नेली. अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २००७ साली बाजारातली १४ एअर फ्रेशनर्स तपासली, त्यातल्या १२ मध्ये थॅलेट नावाची (वास टिकवायला घालतात ती) रसायनं सापडली. एकाही वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता.

पण सदाफुलींचा मोगराही रसायनच आहे बरं. बेंझिल ॲसिटेट, लिनालूल हे त्यातले घटक. हेच कारखान्यात बनतात आणि डबीत जातात. नैसर्गिक म्हणून निर्धोक आणि कारखान्यातलं म्हणून विषारी, ही विभागणी रेणूला ठाऊक नसते. मात्रा किती आणि हवा किती बदलते, एवढंच खरं.

कापूरआरती

म्हणूनच मी गाडीत भीमसेनी कापूर ठेवते. छोट्या कापडी पुरचुंडीत, आरशाला बांधून. जंतू मरतात, डास येत नाहीत असं म्हणतात, मन प्रसन्न राहतं, आणि नैसर्गिक आहे. कोणी तक्रार केलेली नाही.

वैद्यबुवा_छातीचे

कापूरआरतीताई, तक्रार केली नाही म्हणजे त्रास झाला नाही असं नाही; पाहुणे सहसा यजमानाच्या गाडीत तक्रार करत नाहीत. पण मला काळजी वेगळी आहे. बाजारातला बराचसा कापूर टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो, आणि कापूर पोटात गेला तर विष आहे. लहान मुलाच्या पोटात एखादा ग्रॅम गेला तरी झटके येऊ शकतात. पांढऱ्या वड्या, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या, मुलाच्या हाताला येतील अशा टांगू नका. वर तो पेट घेतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते हात लावून बघा.

डांबरगोळ्यांबद्दलही सांगतो, काही जण त्या सीटखाली टाकतात. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. गाडीत तर नाहीच, बाळाच्या कपड्यांतही नको.

सदाफुली

डॉक्टर, मग उदबत्तीचंही सांगूनच टाका एकदाचं.

वैद्यबुवा_छातीचे

धूर तो धूर. डासांच्या कॉइलवर २००३ साली झालेला अभ्यास बराच गाजला होता: एक कॉइल जळताना जेवढे अतिसूक्ष्म कण सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात. उदबत्ती कॉइलपेक्षा लहान असते आणि कमी वेळ जळते, पण जात तीच. उघड्या रिक्षात सकाळी एक काडी, ठीक. बंद टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये धूपकांडी लावून वीस माणसं कोंबणं, नाही. देव काच खाली केली म्हणून रागावणार नाही.

हॅलिफॅक्सकर

कॅनडातून लिहितोय. आमच्या हॅलिफॅक्समध्ये हा वाद नव्वदच्या दशकातच सुरू झाला. आता दवाखाने, विद्यापीठ, बऱ्याच कचेऱ्या, सभागृहं, सगळीकडे दारावर पाटी: कृपया सुगंध लावून येऊ नका. परफ्यूम, आफ्टरशेव्ह, वासाचं हेअरस्प्रे. बाहेरचे लोक आधी हसतात, मग सवय होते. दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात कसलाच वास नसणं हे किती हलकं वाटतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या सीडीसीनेसुद्धा (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी द्रव्यं नकोत असं धोरण काढलं. आणि डेट्रॉइटच्या नगर प्रशासनातल्या एका कर्मचारी बाईंनी सहकाऱ्याच्या परफ्यूमचा आणि प्लगला लावायच्या फ्रेशनरचा त्रास होतो म्हणून २००८ साली दावा लावला होता. २०१० मध्ये शहराने एक लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कर्मचाऱ्यांना सुगंध लावून न येण्याच्या सूचना काढल्या.

तरी तुम्हाला इथली दुसरी बाजू सांगतो. हिवाळ्यात आमच्या घरांच्या खिडक्या पाच महिने बंद. जाड कोट टांगायच्या खुंट्या दारापाशी, स्वयंपाकघर तिथून हाकेवर. कांद्याची फोडणी त्या कोटात जाऊन बसते. मग ऑफिसात कोणीतरी हळूच येऊन 'आपलं ऑफिस सेंट-फ्री आहे बरं का' असं आठवण करून देतं. नियम परफ्यूमसाठी, बोट मात्र आपल्या डब्याकडे. माझी बायको मेथीची भाजी आता फक्त शुक्रवारी रात्री करते. म्हणजे शनिवार-रविवार कोट बाल्कनीत राहतो.

बाभूळकाटा

हॅलिफॅक्सकरांनी नेमकी दुखरी जागा दाखवली. वासाबद्दलचा नियम कधीच नुसत्या वासाबद्दल राहत नाही.

पाहा, मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. दारं आपोआप बंद. त्याआधी दारातल्या वाऱ्याने सगळ्यांचे वास सारखेच उडवून नेले होते. आता बंद डब्यात कोणाचा वास 'येतो' आणि कोणाचा 'दरवळतो' हे ठरवायला लोक मोकळे झाले. महागडा परफ्यूम मारून चढलेल्या साहेबाकडे कोणी वळून बघत नाही. सुक्या मासळीची पिशवी घेऊन चढलेल्या बाईकडे मात्र सगळे बघतात. एअर फ्रेशनरचा सगळा धंदाच 'दुसऱ्याच्या अंगाचा वास आपल्याला नको' यावर चालतो. घाटवळणरावांचा हेतू चांगला आहे. पण उद्या हाच नियम हातात घेऊन कोणीतरी म्हणेल, बोंबील पण बंद करा, उग्र वासच की तो. तेव्हा काय उत्तर देणार?

घाटवळण (धागाकर्ता)

उत्तर आहे. बोंबील ही तिची भाजी आहे, नाहीतर तिचा धंदा. घाम हा अंगमेहनतीचा. ते ती ठरवून दुसऱ्याच्या नाकासाठी सोडत नाही. जेलची डबी मात्र केवळ दुसऱ्याच्या नाकासाठीच विकत आणलेली असते, तिचं बाकी काही काम नाही. म्हणून मी बंदी मागतोय ती मुद्दाम सोडलेल्या वासावर. माणसाच्या, अन्नाच्या, कामाच्या वासावर नाही. तो सहन करायला मी तयार आहे, अगदी शेजारी सुकट असली तरी. (आमच्याकडे ती असतेच.)

बाभूळकाटा

ही रेघ कागदावर छान दिसते. लागू करणारा कंडक्टर ती कुठे ओढेल याची मला खात्री नाही.

झाडूपोछा_मॅनेजर

हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीच्या इमारतीचं हाऊसकीपिंग बघतो. दोन्ही प्रकारच्या तक्रारी एकाच दिवशी एकाच मजल्यावरून येतात: 'वॉशरूमला वास येतो' आणि 'वॉशरूममधल्या स्प्रेने डोकं धरतं'. टायमरवाला स्प्रे ठरावीक वेळाने आपोआप फुस्स करतो. आत माणूस आहे की नाही हे त्याला कळत नाही. एकदा एका साहेबांच्या थेट डोळ्यात गेला.

एका मजल्यावर गटाराचा वास काही केल्या जाईना. फ्रेशनर वाढवले, यूरिनलमध्ये गोळ्या दुप्पट टाकल्या. शेवटी प्लंबरने कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलली. ट्रॅप कोरडा ठणठणीत! त्या बाजूला कोणी पाणीच ओतत नव्हतं, त्यामुळे पाण्याचं बूच उडालं होतं आणि ड्रेनेजची हवा सरळ वर येत होती. एक बादली पाणी ओतलं, वास गेला. आता दर सोमवारी सगळ्या ट्रॅपमध्ये मग्गाभर पाणी, आणि एक्झॉस्टच्या पात्यांवरचं जाड जळमट महिन्याला साफ. फ्रेशनरचं बिल निम्म्यावर आलं.

वरून आता फर्मान आलंय की लॉबीत 'सिग्नेचर सेंट' हवा, पाहुण्यांना कंपनीची ओळख पटावी म्हणून. पांढरा चहा आणि अंजीर असं काहीतरी नाव आहे. वॉचमन दिवसभर तिथेच उभा असतो, त्याला विचारलं कसं वाटतं. म्हणाला, "साहेब, डबा खाताना भाजीला पण तोच वास लागतो."

तिरकस_तात्या

अंजीर-पांढऱ्या चहाची भेंडी! खडीसाखर भुरभुरलेल्या ठेच्याइतकीच झकास असणार.

बरं, एक विरोधी मुद्दा राहिलाय. हे सगळे अभ्यास लोकांना विचारून केलेले असतात. ॲन स्टाइनमन यांचा २०१६ चा अमेरिकेतला सर्वे माझ्या पुतणीने मला पाठवला, या धाग्यावर भांडता यावं म्हणून. त्यात सुमारे ३४.७ टक्के लोकांनी सुगंधी वस्तूंमुळे काही ना काही त्रास होतो असं सांगितलं. पण 'त्रास होतो का' असं मला कोणी विचारलं तर मी शेजाऱ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांचा सांगेन. तेवढ्यावर बंदी आणायची?

वैद्यबुवा_छातीचे

शंका रास्त आहे. ऑनलाइन सर्वेत लोक स्वतःच सांगतात, तपासलेलं काही नसतं. त्यावरून कायदा करू नये. पण त्याच सर्वेत पाचातल्या एकाहून जास्त लोक म्हणाले की दुकानात फ्रेशनरचा वास आला तर आम्ही शक्य तितक्या लवकर बाहेर पडतो. दुकानातून बाहेर पडता येतं. खंडाळ्याच्या बोगद्यात, तिसऱ्या लेनमधून, कसं पडणार? म्हणून मला बंदीपेक्षा बुकिंगच्या वेळी 'सुगंध नको' अशी एक खूण करायची सोय जास्त पटते. एसी किती हवा, गाणी हवीत का, हे विचारतातच की.

चक्रधर

तशी खूण आली तर सगळ्यात आधी मी खूश. डबीचे पैसे वाचतील आणि तारा कापला जायची भीती जाईल. पण ती खूण कंपनीने द्यायला हवी. मी प्रत्येकाला विचारत बसलो तर 'गाडीला वास आहे म्हणूनच विचारतोय' असा संशय घेतात. हे झालेलं आहे.

एक सांगा, ते कॉइलवरच्या बुरशीचं लिहिलंय त्याला गॅरेजशिवाय काही उपाय आहे का? सर्व्हिसिंगवाले दरवेळी फवारा मारून वेगळे पैसे घेतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

झाडूपोछा_मॅनेजर

आहे, चक्रधरभाऊ. मुक्काम पाच मिनिटांवर आला की एसीचं बटण बंद करा, पंखा मात्र चालू ठेवा, मोठ्या आकड्यावर. कॉइल वाळते आणि ओल राहिली नाही की बुरशीला जोर येत नाही. भाडं उतरलं की चारही दारं दोन मिनिटं सताड उघडी. बाहेरची हवा घ्यायचं बटण रिकाम्या गाडीत तरी दाबून ठेवा. दूध सांडलं तर गरम पाणी ओतू नका, ते फाटून आतच बसतं. गार पाण्याने टिपून घ्या, मग खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम मारा. आणि केबिन फिल्टर. तो शेवटचा कधी बदललात?

चक्रधर

केबिन फिल्टर म्हणजे इंजिनचा एअर फिल्टर ना? तो दर सर्व्हिसिंगला बदलतात.

झाडूपोछा_मॅनेजर

नाही, हा वेगळा. बहुतेक गाड्यांत समोरच्या डाव्या कप्प्याच्या मागे असतो. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून पूर्ण खाली घ्या, मागे एक आडवं झाकण दिसेल, त्यात घडीच्या कागदासारखी चौकोनी चकती. तुमच्या रनिंगला वर्षातून दोनदा तरी बदलावी लागेल. काही मॉडेलना येतच नाही, नुसती जागा सोडलेली असते.

चक्रधर

आत्ता लोणावळ्याला थांबलोय, उघडून बघितलं. आहे. काळा कुळकुळीत, त्यात पिंपळाचं अख्खं पान आणि कसलीतरी पिसं.

तिरकस_तात्या

फोटो टाका. आणि त्या पानाला वास कसला येतोय तेही कळवा, सदाफुलीताई थांबल्यात.